दसऱ्याच्या ताटातलं शिसं

मांजलपूरचे उदयसिंहराव सुर्वे रिफायनरीतून निवृत्त झाले आणि घराण्याच्या वंशावळीच्या मागे लागले. वंशावळ राणोजीपाशी अडली होती. राणोजी बडोदे सरकारात शिलेदार, हे सगळ्यांना ठाऊक. त्याचा बाप कोण, हे मात्र कुणालाच नाही.

उदयसिंहराव नाशकाला गेले. तीर्थोपाध्यायांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वही काढली. तीत मोडी अक्षरांत होतं : राणोजी बिन येसाजी सुर्वे, हल्ली बडोदे, वडील हर्णै बंदरी तांडेल, गलबतासह बुडाले. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य खलाशी.

वंशावळ दसऱ्यानंतर छापायला जायची होती, पण दांडिया बाजारातल्या थोरल्या चुलतभावाच्या, भास्कररावांच्या, होकाराशिवाय तीत काना-मात्राही हलत नसे.

"हे दुसरेच कुणी सुर्वे," भास्कररावांनी निकाल दिला. "राणोजी काय एकच झाला? आपण घोड्यावरची माणसं, उदय. तू तर सूरसागर तळ्यात होडीत बसलास तरी ओकला होतास."

"ओकलो, भाऊ. पण ते भजी खाऊन."

"तांडेल घालायचा नाही. आणि पुरावा नसेल तर येसाजीही नाही."

बिचारा येसाजी आधीच समुद्रात बुडालेला, आता कागदावरूनही जाणार, एवढंच उदयसिंहरावांना टोचत राहिलं.

दसऱ्याला सगळे नेहमीप्रमाणे दांडिया बाजारात जमले. पाटावर तलवार, कट्यार आणि शेजारी ताटात, तांदळांवर, मुसळाच्या तुकड्यासारखं जड शिसं. वर दोरी ओवायचं भोक, बुडाला खळगा. तोफ ठासायचा दट्ट्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याची पूजा व्हायची आणि खळग्यात कुंकू भरायचा मान घरातल्या सुनेचा. यंदा तो उदयसिंहरावांच्या पत्नी मंदाताईंचा होता. कुंकू भरता भरता त्या सहज म्हणाल्या, "अहो, तुम्ही टाकीत सोडायचात ना, फितीला बांधून, ते वजन असंच होतं ना?"

उदयसिंहरावांनी शिसं हातात घेतलं. तेलाच्या टाकीत त्यांनी उभा जन्म पितळी लंबक सोडला होता. तेल किती, तळाला पाणी किती, हे बघायला त्यावर रंग बदलणारी पेस्ट फासायची. त्यांनी खळग्यातलं कुंकू पुसलं, निरांजनातलं थिजलेलं तूप भरलं आणि शिसं ताटातल्या तांदळांत दाबून उचललं. बुडाला तांदूळ चिकटून आले.

"गलबतावर यात चरबी भरत असतील," ते म्हणाले. "दोरी किती गेली त्यावरून खोली कळते, चिकटून आलं त्यावरून तळ. वाळू की चिखल. तोफ ठासायच्या दट्ट्याला बुडाशी खळगा कशाला हवा, भाऊ?"

भास्कररावांनी एक दाणा नखाने काढून पाहिला.

"म्हणजे आजवर आपण यात कुंकू भरत आलो?"

"भरत आलो."

"लिही मग. येसाजी, तांडेल." भास्करराव तलवार सरळ करत म्हणाले, "पण खाली राणोजी शिलेदार जरा मोठ्या अक्षरांत."

मंदाताईंनी शिसं पुसून ताटात ठेवलं आणि खळग्यात पुन्हा कुंकू भरलं.