नाकाला रुमाल लावणारा मी

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कुणी तिचा विषय काढला की मी चहा मागवायचो.

भर वर्गात, एक मुलगी बोलत असताना, मी नाकाला रुमाल लावला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर चंद्रपुरातल्या एका खासगी क्लासमध्ये मी इंग्रजी बोलायला शिकवू लागलो. विमानात केबिन क्रू व्हायला निघालेली पोरं-पोरी तिथे यायची. मुलाखतीत आधी एका मिनिटात स्वतःची ओळख सांगायची असते. मग आठ-दहा जणांना गोल बसवतात आणि एका विषयावर बोलायला लावतात. दोन्हींचा सराव माझ्याकडे होता.

ती मोहर्लीकडच्या एका गावाहून बसने यायची. ढिवराची पोरगी. आवाज खणखणीत. नागपूरची मुलाखत आठ दिवसांवर आली होती. ती उभी राहिली आणि न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील गावच्या तलावात मासे धरतात. मला जाळं विणता येतं."

मी तिला थांबवलं. रुमाल काढला, नाकाला लावला.

"अगं, विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत. प्रवाशांनी जायचं कुठे?"

वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसलो.

"वडिलांचा व्यवसाय आहे, एवढंच म्हण. जाळं काढून टाक."

"काऊन सर? खोटं हाय का ते?"

"तिथे असलं चालत नाही."

तिने विचारलं, "तुमचे बाबा काय करत होते, सर?"

"नोकरीत होते."

चाळीस वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो. जीभ जरासुद्धा चाचरली नाही.

"माहा आजा तं सांगते, तुमच्या बाबासंगं एकाच डोंग्यात बसून त्यानं जाळं टाकलं. त्याइच्याएवढा पाण्याचा अंदाज कोणालेच नव्हता म्हणते."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. या वेळी माझ्यावर. मी ओरडलो, "ओळख बदलून आण. तोवर या वर्गात पाय ठेवायचा नाही."

"मंग नाई येत." तिने पिशवी उचलली. "मी हेच सांगीन, सर. तुम्ही शिकवल्या इंग्रजीतच सांगीन."

ती गेली. आठ दिवस आली नाही. मी बोलावलं नाही.

तिच्यासोबत नागपूरला गेलेल्या मुलीने नंतर सांगितलं. ओळखीच्या फेरीत ती तेच बोलली, जाळ्यासकट, आणि पास झाली. गोलात मात्र सगळे एकदम बोलत होते. ही आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली. आमच्याकडे पोरींना तेच शिकवतात, दुसऱ्याचं संपू द्यावं. पाळी आलीच नाही, आणि ती तिथेच बाद झाली. अशा गलक्यात आपलं बोलणं कसं घुसवायचं, ते मी शेवटच्या आठ दिवसांत शिकवायचो.

लहानपणी एका गुरुजींनी, माझ्या अंगाला माशांचा वास येतो म्हणून, मला दाराशी बसवलं होतं. दुपारच्या उन्हात बसलेला तो पोरगा मी विसरलो नव्हतो. तरी रुमाल काढला. हे मला सगळ्यात जास्त खातं.

दोन वर्षांपूर्वी मोहर्लीला गेलो, माफी मागायलाच. ती एका रिसॉर्टच्या काउंटरवर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलत होती. मला पाहून उठली.

"सर, तुम्ही इथी? सफारीले आले का?"

मी "हो" म्हणालो.

तिने धावपळ करून मला एका जिप्सीत जागा मिळवून दिली. हसून म्हणाली, "वाघ नाई दिसला तं मले बोलजा नका!" मी तीन तास अनोळखी लोकांत बसून जंगल हिंडलो. परतलो तेव्हा काम संपवून ती घरी गेली होती.

आता क्लासच्या प्रत्येक नव्या तुकडीपुढे मी आधी माझी ओळख सांगतो. माझे वडील ढिवर होते, मासे धरायचे. या वयात हे सांगायला मला काही गमवावं लागत नाही. तिने सांगितलं तेव्हा तिचं सगळं पणाला लागलं होतं.

हे लिहिलं म्हणजे माफी मागून झाली, असं मी धरणार नाही. अपमान चारचौघांत केला. माफीही चारचौघांत, तिच्यापुढे उभं राहून मागायची आहे. मी चुकलो, पोरी. माहे बाबा मासोऱ्याच धरत होते. एवढंच बोलायचं आहे, आणि ते मी तिला अजून बोललेलो नाही.