अमेरिकेसाठी रागी

भानुमतीकाकू साताऱ्याची. लग्न होऊन म्हैसूरला आली तेव्हा आमच्या घरचं मराठी ऐकून तिनं कपाळावर हात मारला म्हणे. आम्ही रंगारी भावसार, पिढ्यान्‌पिढ्या देवराज मोहल्ल्यातले. दर चार शब्दांत आमचा एक कन्नड. गिरण्यांची छापील लुगडी आली तसे आमचे रंगाचे हंडे थंडावले आणि सुब्बरावकाका एका ठोक कापडवाल्याकडे नोकरीला लागले. काकू हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. ती कन्नड शिकली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. पण तात्पुरती. कायम व्हायचं तर इन्स्पेक्टरसमोर पाठ घ्यायचा होता.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. त्या वर्गात मीही होते, म्हणून सांगते.

इन्स्पेक्टर नरसिंहमूर्ती मागच्या बाकावर येऊन बसले. धडा होता श्रीमंत देश आणि गरीब देशांचा. काकू घाबरली होती, आणि घाबरल्यावर तोंडात माहेरची भाषा आली. नकाशातल्या अमेरिकेवर छडी टेकवून ती ठणकावून म्हणाली, "हा बडा देश!" आपल्याकडे बडा म्हणजे पैसेवाला, बडी असामी. कन्नडमध्ये मात्र 'बड' म्हणजे गरीब! 'श्रीमंत' हा शब्द दोन्हीकडे चालतो, पण तो मेला नेमका तेव्हा तिला सुचेना. इंग्लंड बडा, जर्मनी बडा, जपानही बडा होत चाललाय. सगळा वर्ग माना डोलावतोय. मी खुणा करून थकले. हिचं लक्ष नकाशात.

मग अंबुजा उभी राहिली. तिचे वडील मेटगळ्ळीला एका कारखान्यात हमाल. दुपारी शाळेत मिळणारं उप्पिट्टु, म्हणजे आपला उपमा, हेच तिचं पोटभर जेवण. त्याचा पिवळा रवा अमेरिकेहून यायचा. पोत्यांवर तसं छापलेलंच असे.

"अय्यो पाप!" ती कळवळून म्हणाली. म्हणजे आपलं 'अरेरे, बिचारे!' "मिस्, ते एवढे गरीब, आणि तरी आम्हाला जेवायला पाठवतात?"

नरसिंहमूर्ती खो खो हसत सुटले. काकूला चूक उमगली तोच घंटा झाली, आणि ती डोळे पुसत बाहेर पडली.

घरी ती जेवेना. "गेली माझी नोकरी," म्हणाली. "पोरींना उलटं जग शिकवून आले."

"बिडु, सोड गं," काका म्हणाले, "होऊ दे काय व्हायचं ते. हंडे गेले तरी आपण राहिलोच की नाही? ऊटा कर, जेव आधी."

मला एकीकडे हसू येत होतं, पण तिच्याकडे बघून हसवेना. या नोकरीसाठी तिनं किती आटापिटा केला होता ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर हेडमिस्ट्रेसबाईंना घेऊन तपासणी संपवायला वर्गात आले, तर टेबलावर रागीचा, म्हणजे नाचणीचा, लहानसा ढीग. अंबुजानं रुमालात बांधून आणली होती. तिचं बघून बाकीच्या धावत घरी जाऊन आल्या. कुणाची मूठ, कुणाची ओंजळ.

"अमेरिकेला पाठवा, मिस्."

काकूनं इन्स्पेक्टरांसमोरच सांगून टाकलं, "मुलींनो, चुकले मी. बडा हा माझा मराठी शब्द. अमेरिका फार श्रीमंत आहे. गरीब आपण."

आता अंबुजा रुमाल उचलणार, असं मला वाटलं. तिनं जरा विचार केला.

"असू दे, मिस्. श्रीमंत झाले म्हणून काय, त्यांच्याकडे रागी कुठून असणार? पाठवा तुम्ही."

या खेपेला नरसिंहमूर्ती हसले नाहीत. हेडमिस्ट्रेसबाईंकडे वळून म्हणाले, "यांना कायम करा. कन्नड काय, ते या पोरीच शिकवतील."

रागी काही अमेरिकेला गेली नाही. काकूनं तिची आंबील करून सगळ्यांना वाढली, इन्स्पेक्टरांनाही.

निवृत्त होईपर्यंत ती त्याच शाळेत होती. तो धडा आला की मुद्दाम 'बडा देश' म्हणूनच सुरुवात करायची, आणि कुणी 'अय्यो पाप' म्हणतंय का, याची वाट बघत उभी राहायची.