एका दिवसाचे घरमालक

वकिलाने ऑफिसातला संताप घरी नेऊ नये म्हणतात. मी नेला. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या घरी येऊन भांडी आपटली, नवऱ्यावर उगाच खेकसले. इतकी वर्षं झाली, तरी तो सौदा आठवला की डोकं फिरतं.

तिथल्याच एका वकिली फर्ममध्ये मी घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करायचे. एकदा बॉसने इस्लामी पद्धतीच्या बिनव्याजी घरखरेदीची फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, "हे तुमच्याकडचंच ना?" तुमच्याकडचं! मी पुण्याची, इस्लामी कायद्याचा मला गंधही नव्हता. पण त्याच्या नकाशात मुंबईपासून मोरोक्कोपर्यंत सगळं एकच गाव. राग गिळला आणि अभ्यासाला बसले.

अभ्यास केल्यावर मात्र ते काम आवडलं. बँक कर्ज देते आणि व्याज घेते. इथे कर्जच नाही. पैसा पुरवणारी संस्था घर स्वतः विकत घेते आणि आपला नफा धरून तेच तुम्हाला हप्त्यांवर विकते. अट एवढीच, की विकण्याआधी घर खरोखर तिचं झालं पाहिजे. मग तो काळ एका दिवसाचा का असेना, त्यात घराचं जे बरंवाईट होईल ते तिच्या माथी. ती जोखीम घेतली म्हणूनच नफ्याला नफा म्हणायचं. जोखीम काढून घेतली की उरतं ते व्याजच, नाव काहीही द्या.

माझे अशील म्हणजे मिरजेचं जोडपं. ती हॉस्पिटलात नर्स, तो फार्मसिस्ट. दोघं शिकायला म्हणून आले आणि इथलेच झाले. चांगल्या नोकऱ्या होत्या, बँका कर्ज द्यायला तयार होत्या, पण व्याज नको म्हणून वर्षानुवर्षं मनुरेवा उपनगरात भाड्याने राहिले. आपली मराठी मंडळी जेवणावळीत त्यांना हसायची. "अरे, लोन घे की सरळ, कोण बघतंय इथे?" हसणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः चातुर्मासात कांदा खात नाहीत. तिथे कोण बघतं, हे मी एकदा विचारलं. नंतरच्या जेवणाचं आमंत्रण आलं नाही. बरंच झालं.

शेवटी अवोन्डेलला एक जुनं लाकडी घर मिळालं. "ताई, बॅकयार्डमध्ये लिंबाचं झाड आहे, हीप्स, अगदी ढीगभर लिंबं लागलीत," ती फोनवर म्हणाली. "मी तर मनात लोणचं घालूनसुद्धा टाकलं."

सोमवारी संस्थेने घर घेतलं, सरकारी नोंदीत तिचं नाव लागलं. मंगळवारी संध्याकाळी या दोघांनी ते संस्थेकडून घ्यायचं ठरलं होतं. मंगळवारी सकाळी माळ्यावरची पाण्याची टाकी फुटली. हॉलचं छत खाली आलं, कार्पेट चिंब झालं.

विमा होता. पण तो बुधवारपासून, आणि जोडप्याच्या नावाने. स्वतःच्या त्या दिवसासाठी विमा उतरवावा असं संस्थेत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. विकणाऱ्यांनाच घर आपलं वाटलं नव्हतं!

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात जमलो. प्रमुखांनी अगत्याने खजूर पुढे केले. भला माणूस, पाच वेळा नमाज पढणारा. म्हणाले, "आमची मालकी कागदापुरती हो. घर तुमचंच समजा, छत तेवढं तुम्ही करून घ्या."

"कागदापुरती?" मी चढ्या आवाजात विचारलं. "मग आज विकताय काय? कागद?"

माझा बॉस हसत म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, काही अडचण नाही, आधी सह्या करू, छताचं नंतर बघू." त्याच्या अंगावर खजुराची बशी फेकावी असं मला वाटलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांना विचारत असेल तशा शांत आवाजात नर्सबाईने प्रमुखांना विचारलं, "आज सकाळी ते घर कुणाचं होतं?"

प्रमुखांनी संस्थेच्या वकिलाकडे पाहिलं. वकील चहा ढवळत राहिला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघं उठले. सही झाली नाही. संस्थेने वचनभंगाचा कांगावा केला. बॉसचा विरोध पत्करून मी भांडले आणि त्या दोघांना त्यातून मोकळं केलं. घर मात्र त्यांना मिळवून देता आलं नाही. "फारच काटेकोर लोक," बॉस म्हणाला. वकिलाच्या तोंडी ही तक्रार!

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. घराचं काय झालं, तिला जाणून घ्यायचं होतं.

"दुसऱ्या कुणालातरी विकलं," मी म्हणाले.

"आणि छत?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण खरं तेच सांगितलं. "संस्थेने दुरुस्त करून घेतलं. स्वखर्चाने. त्याशिवाय कुणी घेईना."



"म्हणजे ताई," ती म्हणाली, "घर त्यांचंच होतं."