‘कोणाला नाही’ असं मी लिहिलं होतं

आईच्या तपासणीचा अर्ज मीच भरला. आमच्या घरात अर्ज भरण्याचं काम माझ्याकडेच असतं, कारण कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. रेशनचा, गॅसचा, भावाच्या दाखल्याचा, सगळे मी भरते आणि एकही रकाना रिकामा ठेवत नाही. त्या अर्जात एक प्रश्न होता, कुटुंबात यापूर्वी कोणाला कर्करोग झाला आहे का? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘कोणाला नाही’. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आनुवंशिकतेच्या धड्यातले उंच आणि बुटक्या वाटाण्यांचे चौकोन मला पाठ होते. तरी तसं लिहिलं.

आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला होता. आधी आमचा विश्वासच बसला नाही. मी तिसरीत असताना तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली होती. आमच्या वडवणीकडच्या गावात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची ती काढलेली आहे. पोट दुखायचं, अंगावर जायचं, आणि उसाच्या फडात महिन्याचे चार दिवस बसून राहणं कोणाला जमत नव्हतं. पिशवी काढली की खालचं सगळं मिटलं, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे आईचं पोट फुगायला लागलं तेव्हा ती चार-पाच महिने गॅसच्या गोळ्या घेत राहिली. निदान झालं तेव्हाही तिनं डॉक्टरांना विचारलं, “पिशवीच न्हाई, तर कॅन्सर कशात झाला?”

ऑपरेशन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात झालं. तिथे एक मॅडम भेटल्या. त्यांचं काम फक्त समजावून सांगायचं. त्यांनी सांगितलं की आईच्या गाठीचा तुकडा आणि रक्त, दोन्हींतला पूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतली सगळी आनुवंशिक माहिती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणार. जो बिघाड फक्त गाठीत आहे तो गाठीतच झालेला. जो रक्तातही आहे तो जन्मापासूनचा. पुढचं औषध त्यावरून ठरवायचं. पूर्वी हे फक्त संशोधनासाठी व्हायचं, आता या आजाराच्या प्रत्येक पेशंटचं करतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मी भरलेला अर्ज वाचला.

“आईकडच्या आजी कशानं गेल्या?”

“पोटात पाणी झालं होतं,” मी म्हणाले.

“वय काय होतं?”

“म्हातारी न्हवती,” आई म्हणाली. “माझ्याएवढीच.”

मॅडमनी कागदावर आजीचा एक गोल काढला आणि ती वारलेली म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली. त्याखाली आईचा गोल. “आईंना बहिणी?”

“एकच. माझी मावशी. ती ठणठणीत आहे.”

“तिचं काही ऑपरेशन?”

“पिशवी काढलीय की तिची,” आई म्हणाली.

“हो, पण ते काय,” मी म्हणाले, “ती तर सगळ्यांचीच काढलीय.”

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “अंडाशयं काढली होती की ठेवली होती?”

मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. गर्भाशय आणि अंडाशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ती आकृती काढली होती, नावं दिली होती. पण ती आकृती आईच्या किंवा मावशीच्या पोटातली आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर आणखी एक प्रश्न होता. रक्तात जन्मापासूनचा बिघाड सापडला, तर तो नातेवाइकांना कळवायचा का? आईनं मला बाहेर बाकड्यावर नेलं.

“न्हाई लिव्ह.”

“का?”

“रक्तातच हाय असं कागदावर आलं, तर तुला कोण करून घेईल?”

“मला आत्ता लग्न करायचंच नाही.”

“तुला न्हाई करायचं. मला करायचंय की तुझं. अन् मावशीच्या दोन पोरी हायेत.”

तिला समजवायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा तिच्या पोटाला टाके होते. मी ‘नाही’वर खूण केली. मॅडम म्हणाल्या, “त्यांचा अधिकार आहे. नंतर बदलताही येतं.”

काही आठवड्यांनी अहवाल आला. बिघाड रक्तातही होता. केमो संपल्यावर आईला एक गोळी सुरू होणार होती. हा बिघाड असणाऱ्यांना ती चांगली लागू पडते, असं डॉक्टर म्हणाले. बहिणीत आणि मुलांत तो असेल किंवा नसेल, दोन्हीची शक्यता सारखीच. परवानगी नसल्यामुळे दवाखाना कोणाला काही कळवणार नव्हता. येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं फक्त गोळीबद्दल सांगितलं.

हंगाम संपून साखर कारखाने बंद झाल्यावर मावशी ऊसतोडीहून परत आली आणि आईला भेटायला आली. तिला कडा गावाकडं दिलेली. ओसरीत दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. मी जवळच अभ्यासाला.

“आक्का, म्या तर सुटले बाई,” मावशी म्हणाली. “माझी पिशवी काढून धा वर्सं झाली. मला न्हाई व्हायचं आता काई.”

आईचा हात मेथीवरच राहिला. “माझी बी काढलेलीच व्हती की,” ती म्हणाली.

मग आईनं सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं करून. “त्यांनी माझं रक्त वाचलं. आपल्या आईचं पोट फुगलं व्हतं, ते बी हेच असंल म्हणत्यात. तुझ्यात असंल, न्हाईतर नसंल. बघावं लागंल.”

“अन् हे आत्ता सांगतीस?”

“पोरींच्या लग्नापायी गप बसले.”

“आपल्या लग्नात कोणी रक्त बघितलं व्हतं का?” मावशी म्हणाली. “कोयता नीट चालवती का, तेवढंच बघितलं.” मग तिनं मेथीची जुडी पुढं ओढली. “कवा जायचं ते सांग.”

मावशीच्या जुन्या ऑपरेशनच्या कार्डावर तारीख आणि शिक्का एवढंच होतं. म्हणून मी तिला आधी बीडला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “गर्भाशय नाही. दोन्ही अंडाशयं आहेत.”

“काय म्हनत्यात?” मावशीनं मला विचारलं.

“आहेत.”

“दोनी?”

“दोन्ही.”

“इतकी वर्सं गप बसल्यात व्हय,” मावशी म्हणाली. डॉक्टरबाईंना हसू आलं. सध्या काही वाईट दिसत नाही, पण रक्त तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या वेळी आम्ही तिघी गेलो. आईनं ‘नाही’वर काट मारून ‘होय’वर स्वतः सही केली. मावशीनं रक्त दिलं. मॅडमनी तो गोलांचा जुना कागद काढला होता. आईनं तिच्या गोलाखालच्या एका गोलावर बोट ठेवलं.

“ही हीच ना?” तिनं माझ्याकडे मान करून विचारलं.

“हो.”

“मग हिचं रक्त कवा घ्यायचं?”

स्वतःचं रक्त तपासायला पहिल्या दिवसापासून मी तयार आहे असं मी समजत होते. आईला समजावता आलं नाही याचंच मला वाईट वाटत होतं. पण तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, “परीक्षा झाल्यावर.” मॅडम म्हणाल्या, घाई नाही.

परीक्षा संपली आहे. मावशीचा अहवाल अजून यायचा आहे. सोमवारी आईच्या गोळ्या आणायला जायचं आहे. मॅडमनी माझ्या तपासणीचा अर्ज फोनवर पाठवला, तो मी काल भरून ठेवला. कुटुंबात कोणाला, त्या रकान्यात या वेळी आजी आणि आई असं लिहिलं. आजीच्या नावापुढे तिचं वयही विचारलं होतं. ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून आईचंच वय लिहिलं आणि पुढे ‘अंदाजे’.