मावशींचा ठिपका

मैदान आखणं हे बायकांचं काम नव्हे, असं ज्यांना ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातल्या एकालाही मावशींसारखी सरळ रेघ मारता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

एकोणीस वर्षं मावशी विभागीय फुटबॉल कपाचं मैदान आखत होत्या. कप बाद पद्धतीचा. एकदा हरलात की बूट काढा आणि घरी जा. हरलेला संघ पंचांना शिव्या घालायचा, नशिबाला घालायचा, स्वतःच्या गोलकीपरला तर घालायचाच; पण मावशींच्या रेघेला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. त्या गोलरेषेच्या मागच्या कडेला खिळा ठोकायच्या, त्यात टेपची कडी अडकवायच्या आणि बरोबर अकरा मीटरवर पेनल्टीचा ठिपका द्यायच्या. तोही एकदा नाही, दोनदा मोजून.

त्या वर्षी बेकरीवाल्यांचा संघ भलताच पुढे आला. पहाटे कणीक मळणारी, दुपारी पावाच्या गाड्या ओढणारी ही माणसं. त्यांनी बँकवाल्यांना घरी बसवलं, मग वाहतूकवाल्यांना, आणि उपांत्य सामन्यात गाठ पडली ती थेट कप समितीच्या सेक्रेटरींच्या क्लबाशी. शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी मिळाली. बेकरीच्या कॅप्टनने ती जाळ्यात घातली. एक-शून्य. बेकरीवाले पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतःची टेप घेऊन मैदानात हजर. हे गृहस्थ बिल्डर. जन्मभर खोल्या भिंतीच्या आतून मोजलेल्या. त्यांनी गोलरेषाही भिंतच समजली, तिच्या आतल्या कडेला टेप लावली आणि जाहीर केलं, "दहा मीटर अठ्ठ्याऐंशी. ठिपका पाच इंच जवळ आहे. सामना पुन्हा खेळवावा लागेल."

मावशींपुढे एक कागद सरकवला गेला. त्यावर टाईप केलेलं होतं, 'माझ्याकडून ठिपका चुकला.'

"चूक माणसाकडूनच होते मावशी," सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. "सही करा, विषय संपवू. तुमचं कामही राहील."

मावशींनी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. रस्ताभर त्यांच्या अंगाची लाही लाही होत होती. काम जाईल म्हणून नव्हे. एकोणीस वर्षांत जे केलं नाही, ते केलं असं लिहून द्यायचं होतं म्हणून.

नवरा शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या त्याने सगळं ऐकून घेतलं, तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाला, "कापडाचा काठ कापडातच मोजतात. काठ सोडून माप घेतलं तर गिऱ्हाईक सदरा तोंडावर फेकेल."

"आणि सही नाही केली तर?"

"काम जाईल. जाऊ दे. मी आहे की. पण खोट्याखाली सही करून आलीस, तर माझ्याच्याने रोज तुझं तोंड बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मावशींनी अख्ख्या समितीला मैदानात बोलावलं आणि चेंडू नेमका गोलरेषेवर ठेवला.

"साहेब, हा गोल झाला का?"

"छे. पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय गोल कसा होईल?" सेक्रेटरी सवयीने बोलून गेले.

"म्हणजे रेघ कुणाची? मैदानाची. मग मोजायचं तिच्या मागच्या कडेपासून. खोली नाही ही तुमची, आतून आतून मोजायला."

दोघातिघांनी माना खाली घातल्या. सेक्रेटरींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण जीभ जागेवर होती. "नियम तुमचा बरोबर असेलही. पण फेरसामन्याची तारीख जाहीर झाली, बॅनर लागले. आता मागे कसं यायचं?"

"बॅनर काढता येतात," मावशी म्हणाल्या. "आणि ठिपका चुकीचाच असेल, तर तीन वर्षांपूर्वी तुमचा क्लब याच ठिपक्यावरून पेनल्टी मारून कप घेऊन गेला. तो कप आधी इथे आणून ठेवा. मग मागा माझी सही."

कप काही आला नाही. सहीही मिळाली नाही. पण ज्यांच्या हातात शिक्का असतो, त्यांना सहीची गरज कुठे असते? 'तांत्रिक कारणास्तव' सामना पुन्हा खेळवला गेलाच. तोही बुधवारी सकाळी, भट्ट्या पेटलेल्या असताना. बेकरीच्या गोलकीपरला सुट्टी मिळाली नाही, आणखी दोघांना मिळाली नाही. सेक्रेटरींच्या माणसांनी जुन्या ठिपक्यापेक्षा गोलपासून पाच इंच लांब नवा ठिपका दिला. बेकरीवाले तीन-शून्यने हरले. एवढा धडधडीत अन्याय उन्हात उभा होता आणि पाचशे माणसं सरबत पीत बघत होती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चुन्याची गाडी धुतली, कार्यालयाच्या दारात उभी केली आणि सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

त्या फाटकाबाहेर आल्या, तर बेकरीचा कॅप्टन उभा होता. हात कोपरापर्यंत पिठाचे. कामावरून तसाच आला होता.

"मावशी, एक विचारू? भट्टीवर सगळे म्हणतात, मी पाच इंच पुढून मारली. जवळून काय, कुणीही मारेल म्हणतात. खरं सांगा, जवळ होता का हो ठिपका?"

बेकरीवाले हरल्याचं मावशींना वाईट वाटलं होतंच. पण या माणसाच्या मनातून त्याचा स्वतःचा गोल काढून घेतला होता, हे ऐकून त्यांचा संताप अनावर झाला. त्यांनी त्याचा दंड धरला आणि पुन्हा आत नेलं. दोन्ही ठिपके गवतावर अजून दिसत होते. रेषेच्या मागच्या कडेला कडी धरून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"माझ्या ठिपक्यापर्यंत ने. ताणून धर. आता आकडा वाच."

तो वाकला.

"अकरा," तो म्हणाला.

"कार्यालयात ऐकू गेलं नाही."

"अकरा, मावशी," तो मोठ्याने म्हणाला, आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून ठिपक्यावरच बसून रडू लागला. मावशींनी कडी सोडली नाही.