रागोबाचा हात थांबला नाही

भूत, करणी, बाहेरचं... असलं कोणी सांगायला लागलं की मी त्याचीच नक्कल करून त्याला गप्प करायचो. शाळेतल्या हेडसरांपासून विरारच्या रिक्षावाल्यापर्यंत कोणाचाही आवाज काढतो मी, त्यात भूत काय चीज. पण हे माझ्यासमोर झालंय, भर दुपारी, वटारच्या एका शाळेच्या हॉलमध्ये — म्हणून लिहितोय.

आमचा बाहुल्यांचा ग्रुप आहे. टेम्पोत पडदा आणि पेटी टाकायची, वसई-विरारच्या शाळांमध्ये गोष्टी करत फिरायचं. माणसं तीनच. नरेशदादा दोन हातांत दोन बाहुल्या घालून नाचवतो, वहिनी ठोकाठोकीचे आवाज काढतात, आणि सगळी पात्रं मी बोलतो. दादाचे हात गेले तर आमचं दुकान बंद, एवढं सोपं आहे.

गोष्ट साधी. दादाच्या उजव्या हातात रागोबा, डाव्यात भित्रोबा. रागोबा भित्रोबाला बडवतो, पोरं हसून लोळतात, मग रागोबा दमतो. रागोबाचा दंडुका फोमचा, वरून कापड. 'फाट' हा आवाज वहिनी दोन फळ्या आपटून काढतात. दादाचा नियम एकच — हात आवाजाच्या मागे चालणार. मी 'दमलो रे बाबा' म्हटलं की हात थांबणार.

त्या दिवशी पोरं जाम रंगात होती. मी रागोबाच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "अजून देऊ का?"

"होऽऽ," अख्खा हॉल.

दिले चार फटके. मग म्हणालो, "दमलो रे बाबा..."

हात थांबला नाही.

मला वाटलं दादा मजा घेतोय. परत म्हटलं. फाट. फाट. मी वहिनींना खूण केली, पुरे. त्या माझ्याकडेच बघत होत्या. फळ्या खाली ठेवलेल्या.

आवाज दादाच्या बोटांचा होता.

भित्रोबाचा पिवळा सदरा लाल झाला. दादा मला ओरडला, "अरे थांबव ना त्याला." पडद्यापलीकडे पोरं टाळ्या पिटतायत, त्यांना वाटलं भित्रोबाच ओरडतोय. मी घाबरून माईक टाकला... आणि माझाच घोगरा आवाज हॉलमध्ये घुमला, "अजून देऊ का?"

पोरं म्हणाली, "होऽऽ."

मी दादाच्या उजव्या मनगटाला लटकलो. त्या हाताने मला असं झटकलं की मी पेटीवर आपटलो, ओठ फाटला. मग तो हात गळ्याकडे गेला. दादाच्याच. रागोबाचे कापडी पंजे त्याच्या नरड्यात रुतले, दादाचे डोळे बाहेर यायला लागले. वहिनींनी पेटीतली कात्री उचलली आणि बाहुली मनगटापासून चिरली — दादाच्या कातडीसकट. रागोबाचं डोकं घरंगळत पोरांत गेलं. तेव्हा कुठे हात गळून पडला.

पुढे बसलेल्या एका पोरीने बाईंना विचारलं, "बाई, संपलं?"

माणिकपूरच्या डॉक्टरांनी डावा हात बघितला आणि म्हणाले, "यावरून गाडी गेली का?" तीन बोटांचा चुरा झालेला. वहिनींनी दंडुका दाखवला. डॉक्टरांनी तो चिमटीत दाबला, चपटा झाला. "ह्याने?" मग विचारलं, फिट येते का कधी. असेल, फिट असेल. पण एका बाईंनी बाजूने मोबाईलवर शूट केलंय. त्यात माईक जमिनीवर दिसतो, मी तोंड मिटून उभा दिसतो... आणि तो आवाज येतो.

मागच्या रविवारी दादाकडे गेलो. तो पलंगावर, डावा हात प्लास्टरमध्ये, वहिनी भात भरवतायत. मी म्हटलं, "उजवा धड आहे ना रे? उगाच लाड करून घेतोयस."

वहिनींनी चादर बाजूला केली. धड हात ओढणीने पलंगाच्या दांड्याला बांधलेला.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. दादाकडेही नाही. तो एवढंच म्हणाला, "गाठ घट्ट आहे का बघ जरा."

मी बघितली. घट्ट होती. तरी वरून अजून एक मारली.