सुटा डोंगा

वैनगंगेवर आमच्या घाटाला दोन डोंगे एकत्र बांधूनच माणसं पार नेत. एका खोडातून कोरलेला डोंगा तळाला गोल असतो. एकटा असला की कुशीवर वळतो. म्हणून आडवे बांबू टाकून दोघांची जोड करायची. माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, त्या घाटाचे नावाडी होते.

मी मुंबईच्या गोदीत दोन वर्षं सुतारकाम करून परतलो ते शिडाच्या होड्यांचं वेड घेऊनच. भाऊजींच्या डोंग्यावर मी डोलकाठी उभी केली, बहिणीच्या जुन्या लुगड्यांचं शीड शिवलं. पण जोड फार सावकाश चालली.

"भाऊजी, जोड सोडा. एकटा डोंगा पळन."

"अन् उलटला म्हंजे?"

"समुद्रात होडी एकटीच जाते."

"जात असन. आमच्या नदीले अजून मुंबईची हवा नाही लागली, साळेबुवा!" ते हसले. पण साळ्याचं मन त्यांना मोडवलं नाही. बांबू मीच सोडले.

समुद्रातल्या होडीच्या तळात दगडांचा भार असतो, त्यावर ती सरळ राहते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गोदीत ते दगड मी स्वतःच्या हातांनी भरले होते. एवढ्याशा नदीला कशाला, असं वाटलं.

भर दुपारी, पात्राच्या मधोमध वारा आडवा आला आणि डोंगा पालथा झाला. मी वर आलो. भाऊजी माझ्याहून चांगले पोहणारे, पण ओलं शीड त्यांच्यावर पडलं होतं. लुगड्याचा काठ पाण्यावर हलत होता. मी तीनदा बुडी मारली. चौथ्यांदा मारली नाही. काठ तेव्हाही हलत होता.

गाव म्हणालं, नावाड्यानं रीत मोडली.

दर पितृपक्षात बहीण घाटावर पान ठेवते आणि त्यांना रागावते, "काऊन सोडली जी जोड? कोनं सांगतलं होतं?" मी मागे पाण्याचा लोटा घेऊन उभा असतो. गेल्या वर्षी ती अचानक माझ्याकडे वळली.

"तू त संग होतास. नाही काऊन नाही म्हटलं?"

"म्हटलं होतं. आयकलं नाही त्याईनं."

तिनं मान हलवली आणि नदीकडे तोंड करून त्यांना आणखी बोलली.

तिला अक्षर येत नाही, हे माहीत असूनच मी हे लिहितो आहे.